मावशीचे ताट

आमच्या घरात एक ताट काही दिवस वेगळे ठेवले गेले होते. त्या ताटाची गोष्ट सांगताना आजही आमची मान खाली जाते.

मावशीला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी कोबाल्टच्या किरणोपचारांचा सल्ला दिला. आपल्याकडे त्याला ‘शेक देणे’ म्हणतात. पाच आठवडे ती वसईहून लोकलने मुंबईला जात असे. संध्याकाळी थकून परतली की अंगणात बसून धाकट्या नातवाला हाक मारी. आम्ही त्याला काही ना काही निमित्त काढून आत बोलावीत असू. तिचे ताट-पेलाही आम्ही बाजूला ठेवला होता. तिच्या अंगातून किरण बाहेर पडतील, ही आमची भीती. कुष्ठरोग्याला हात लावून बरे करणाऱ्या प्रभूची कथा दर वर्षी ऐकणारे आम्ही!

एके दिवशी आम्ही भीत भीत डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का?” यंत्रातील कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कर्कपेशींतील डीएनए तोडतात, उपचार संपताच तो कोबाल्ट जाड आवरणाआड जातो आणि रुग्णाच्या देहात किरणोत्सर्ग मुळीच उरत नाही. किरणोत्सर्गी आयोडीन पोटातून दिलेल्या रुग्णांनी मात्र काही दिवस अंतर पाळावे लागते. मावशीचे तसे नव्हते.

आमची भीती अगदीच निराधार होती, असे नाही. १९४५ चे हिरोशिमा आणि नागासाकी, १९८६ चे चेर्नोबिल, २०११ चे फुकुशिमा ही नावे कोण विसरेल? २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्टने एका कामगाराचा बळी घेतला. आमच्याच किनाऱ्यावर, उत्तरेस तारापूरला, १९६९ पासून अणुवीज निर्माण होते. पुढे तेथील प्रकल्पाच्या विस्तारासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या विस्थापितांचे दुःख खरे आहे. निष्काळजीपणाला जाब विचारलाच पाहिजे.

परंतु जाब विचारणे वेगळे आणि आंधळेपणाने भिणे वेगळे. किरणोत्सर्ग मातीत आहे, खडकात आहे, आकाशातून येतो, आपल्या देहातील पोटॅशियममध्येही आहे. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळतेच. प्रश्न मात्रेचा आणि सावधगिरीचा असतो. १९७४ पासून तुर्भ्याला याच कोबाल्टच्या किरणांनी वैद्यकीय साहित्य निर्जंतुक केले जाते. नाशिक जिल्ह्यात लासलगावला २००२ साली सुरू झालेल्या केंद्रात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून त्यावर हेच किरण सोडतात. तो कांदा किरणोत्सर्गी होत नाही. दिवा आणि उजेड यांचाच तो न्याय.

डॉक्टरांकडून परतलो त्या रात्री मावशीचे ताट आम्ही सर्वांच्या ताटांत मिसळले. नातू तिच्या मांडीवर जाऊन बसला. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “शेकाने कातडी भाजली, ते भरून येईल रे. पण ताट वेगळे झाले, ते फार लागले.”

तिची कातडी पुढे खरोखरच भरून आली.