श्रीहरिकोट्याचें अग्निबाण-दर्शन

अग्निबाणाचें उड्डाण घरबसल्या पडद्यावर पाहणें आणि तेंच प्रत्यक्ष पाहणें यांत केवढें अंतर आहे, हें श्रीहरिकोट्यास गेल्यावांचून कळावयाचें नाहीं. इ. स. २०१९ च्या जुलैंत आम्ही घरचीं पांच जणें तेथें गेलों होतों. त्या प्रवासांत जें शिकलों, तें वाचकांच्या उपयोगीं पडावें म्हणून येथें देत आहों.

श्रीहरिकोटा हें आंध्र प्रदेशांतील बेट. एका अंगास बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगास पुलिकत सरोवर. चेन्नईहून आगगाडीनें उत्तरेस सुळ्ळुरपेटा स्टेशनावर उतरावें. पुढें सरोवरांतून काढलेल्या रस्त्यानें बेटावर जातां येतें. हिवाळ्यांत या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. सतीश धवन अंतराळ केंद्रांत २०१९ सालीं प्रेक्षकांसाठीं सज्जा बांधला गेला. मात्र आगाऊ नांव नोंदविल्यावांचून प्रवेश नाहीं. सबब उड्डाणाची तारीख जाहीर होतांच नोंदणी करावी व ओळखपत्र जवळ ठेवावें. पाणी, टोपी आणि छत्री यांचा कंटाळा करूं नये.

चांद्रयान-२ हें १५ जुलैस पहांटे २ वाजून ५१ मिनिटांनीं निघावयाचें होतें. आमच्या आत्याबाई सत्तरी ओलांडलेल्या. गुडघे दुखत असतांही हौसेनें आल्या होत्या. उलटी गणना चालूं असतां सुमारें ५६ मिनिटें उरलीं आणि ती थांबली! यंत्रांत दोष आढळला होता. मुलें रडकुंडीस आलीं. आत्याबाई शांतपणें म्हणाल्या, "दूध उतूं जाण्याआधींच पातेलें उतरवावें, तें हेंच."

परतीचीं तिकिटें दुसऱ्याच दिवसाचीं, रजाही संपलेली. निरुपायानें घरीं आलों. २२ जुलैस उड्डाण ठरलें, तेव्हां आम्हां दोघांनाच पुन्हां जातां आलें. आत्याबाईंच्या गुडघ्यांना तो प्रवास दुसऱ्यांदा झेपण्याजोगा नव्हता.

दुपारीं २ वाजून ४३ मिनिटें झालीं. क्षितिजावर नारिंगी तेज उसळलें आणि सुमारें ६४० टनांचें तें धूड निःशब्द वर चढूं लागलें. निःशब्द अशासाठीं, कीं ध्वनीस एक किलोमीटर येण्यास जवळजवळ तीन सेकंद लागतात. मग तो गडगडाट आला. छातींत घुमला, पायांखालची जमीन थरारली. तोंवर अग्निबाण ढगांत शिरलाही होता. म्हणून छायाचित्रांच्या नादीं न लागतां तेवढे क्षण डोळ्यांनींच पाहावें.

घरीं येतांच आत्याबाईंनीं विचारलें, "आवाज कसा होता रे?" सांगावयास गेलों, पण सांगतां आलें नाहीं.

यास्तव एकच विनंति: जातांना आठ दिवसांची रजा हातीं ठेवावी, परतीचें तिकीट घाईनें काढूं नये, आणि घरांतील वडील माणसांची सोय प्रथम पाहावी. अग्निबाण पुन्हां उडतात. वडील माणसांना पुन्हां निघणें साधतेंच असें नाहीं.