बारा टोपल्या आणि चार कोस्टर

पाच भाकरी आणि दोन माशांचा चमत्कार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाच हजारांचा जमाव, एका मुलाची शिदोरी, प्रभू येशूची उपकारस्तुती आणि सर्वांचं पोटभर जेवण. आपल्या मनातली गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते. योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय मात्र इथे थांबत नाही. सगळे तृप्त झाल्यावर प्रभू शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला सांगतो, आणि काहीच वाया जाऊ नये असं कारणही देतो. त्या तुकड्यांनी बारा टोपल्या भरतात.

ज्याने नुकतंच हजारोंना जेवू घातलं, त्याला उष्ट्या तुकड्यांची काय गरज होती? तरीही त्याने ते वेचायला लावले. आजही प्रत्येक मिस्सेत कम्युनियननंतर फादर पेटनवरचे बारीक कण जपून चॅलिसमध्ये घेतात. आपण तेव्हा गुडघ्यांवर असतो, डोळे मिटलेले असतात, म्हणून ते अनेकदा पाहायचं राहून जातं. पुढच्या रविवारी जरूर पाहा.

गालील समुद्राच्या काठी ताबगा इथे या चमत्काराच्या स्मरणार्थ चर्च आहे. तिथल्या वेदीजवळ जमिनीवर पाचव्या शतकातलं एक मोझेक आहे. मधे भाकरींची टोपली आणि दोन्ही बाजूंना एकेक मासा. शतकानुशतकं मातीखाली राहिलेलं हे काम १९३२ च्या उत्खननात पुन्हा उजेडात आलं. टोपलीत भाकरी चारच दिसतात. भाविक म्हणतात, पाचवी समोरच्या वेदीवर आहे. मला त्यातली आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. भाकरीच्या तुकड्यांची ही आठवण कारागिराने दगडाच्या तुकड्यांतूनच मांडली.

उपवासकाळात मी धर्मशिक्षणाच्या वर्गात हा उतारा घेतला, तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, मग त्या बारा टोपल्यांचं पुढे काय झालं?" शुभवर्तमानात याचं उत्तर नाही. मी तिला तेच सांगितलं. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, कारण आमच्या माळ्यावर एका बिस्किटांच्या डब्यात तुकडेच होते.

सासूबाईंच्या सहा चिनीमातीच्या ताटल्या होत्या. पांढऱ्या, काठाला निळी वेल. नाताळ आणि ईस्टरलाच त्या बाहेर निघत. सासूबाई गेल्या, जुनं घर विकायचं ठरलं, आणि हिश्श्यावरून आमचे हे आणि धाकटे भाऊजी यांच्यात बोलणं बंद झालं. त्याला आता दोन वर्षं होतील. सामान हलवताना त्या ताटल्यांचं खोकं आपटलं आणि चार ताटल्या फुटल्या. तुकडे कुणाला फेकवेनात आणि कुणी त्यांचा विषयही काढेना.

मोझेकचे कोस्टर करायचं मला सुचलं ते त्या मुलीच्या प्रश्नामुळे. यापूर्वी मी असं काही केलेलं नव्हतं. पण काम नवशिक्यालाही जमण्यासारखं आहे. कुणाच्या घरात असा डबा असेल, तर त्यांच्यासाठी रीत सविस्तर लिहिते.

चार इंची चौकोनी एमडीएफचे तुकडे हस्तकलेच्या दुकानात मिळतात. टाईल कापायची पक्कड हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ती वापरताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण चिनीमातीची कपची उडते. ताटलीचा मधला सपाट भाग कोस्टरसाठी सर्वांत चांगला. काठ वळलेला असतो, म्हणून तिथले तुकडे अगदी लहान करावे लागतात. बुडाखालची जाड कड बाजूला ठेवायची, नाहीतर वर ठेवलेला कप डगमगतो. धारदार कडा पाण्यात बुडवून वॉटर पेपरने घासायच्या. ओलं घासलं की धूळ उडत नाही.

मग तुकडे आधी कागदावर नुसते मांडून बघायचे. मला यालाच सर्वांत जास्त वेळ लागला. दोन संध्याकाळी गेल्या. हात आपोआप जुनी ताटली जुळवायला जातो. वेलीचं हे पान त्या देठाला लागतं का, हा काठ कुठला, असं चालू राहतं. पण चार ताटल्यांचे तुकडे एकमेकांत मिसळलेले, काहींचा चुराच झालेला. जुनी ताटली होणार नाही हे एकदा मनाने मान्य केलं, की हात मोकळे होतात आणि मांडणी सुचू लागते.

मांडणी ठरली की एकेक तुकडा फेविकॉलने चिकटवायचा. दोन तुकड्यांमधे सुमारे दोन मिलिमीटरची फट राखायची. सगळे तुकडे अगदी खेटून बसवावेत असं वाटतं, पण फट नसेल तर ग्राउट आत उतरत नाही आणि कामाला पकड येत नाही. चोवीस तास वाळू द्यायचं. मग ग्राउट श्रीखंडाइतकं घट्ट कालवून सगळ्या फटींत दाबून भरायचं. कोरडी पूड कालवताना नाकाला रुमाल बांधावा. या वेळी सगळं काम राखाडी चिखलासारखं दिसतं, वेल दिसत नाही, काही दिसत नाही. घाबरायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या स्पंजने हलक्या हाताने पुसायचं आणि शेवटी कोरड्या फडक्याने. ते पाणी मोरीत ओतू नये, ग्राउट नळीत घट्ट होऊन बसतं. दोन-तीन दिवसांनी वर सीलर लावायचा आणि खाली फेल्ट चिकटवायचं.

आपल्या हैदराबादेतच तुटलेल्या मोझेकचं एक मोठं उदाहरण आहे. चारमिनार १५९१ चा. त्यानंतर काही वर्षांतच मुहम्मद कुली कुतुबशाहाने बादशाही आशूरखाना बांधला. ती मोहरममधल्या शोकाची जागा. आतल्या भिंतींवर रंगीत चकाकीच्या फरश्या कापून, जुळवून केलेलं अप्रतिम काम आहे. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसीला महापूर आला. हजारो माणसं गेली, आणि या भिंतींवरचं कामही जागोजागी गेलं. पुढे त्या जागा रंगवून भरण्यात आल्या. रंगवलेला भाग आणि मूळ फरशी यांतला फरक आजही जवळून कळतो. शोक करायला येणारे लोक मात्र येतच राहिले.

मला वाटतं, प्रभूने तुकडे वेचायला लावले त्यात आपल्यासाठीही हेच आहे. त्याने शिष्यांना त्या तुकड्यांच्या पुन्हा अखंड भाकरी करायला सांगितलं नाही. तुकडे तुकडेच राहिले, पण हरवले नाहीत. घरातल्या तुटलेल्या नात्यासाठी आपण बहुधा सगळं पूर्वीसारखं व्हावं अशी प्रार्थना करतो. तसं होत नाही, मग प्रार्थनाच थांबते. पूर्वीसारखं मागण्याऐवजी, जे उरलं आहे ते वाया जाऊ देऊ नकोस असं मागता येतं. आणि दोन माणसांमधे थोडी फट राहिली तर ती राहू द्यावी. तिथे भरायला काहीतरी धीमं, ओलं, वाळायला वेळ घेणारं लागतं.

चार कोस्टर झाले तेव्हा आमच्या ह्यांनी ते हातात घेऊन बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "दोन त्याच्याकडे पाठव." दोन वर्षांत या घरात भाऊजींचा विषय पहिल्यांदा निघाला होता. मी कोस्टर वर्तमानपत्रात गुंडाळून कुरिअर केले. आठ दिवसांनी जाऊबाईंनी मोबाईलवर एक फोटो पाठवला. दोन्ही कोस्टर, त्यांवर चहाचे दोन कप. खाली शब्द एकही नव्हता. हिश्श्याचा प्रश्न अजून तसाच आहे, आणि या ईस्टरला ते येतील की नाही, माहीत नाही. उरलेल्या दोन अखंड ताटल्या मी धुऊन वरच काढून ठेवल्या आहेत.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू उरलेले तुकडेही वेचायला लावलेस. आमच्या घरांत जे फुटलं आहे, ते फेकून देण्याची घाई आम्हांला होऊ देऊ नकोस. ज्यांच्याशी आमचं बोलणं थांबलं आहे, त्यांची नावं आज आम्ही तुझ्यापुढे ठेवतो. वाट पाहण्याचा धीर दे. आमेन.