उसाच्या ट्रॉलीमागे

सुरतेजवळच्या चलथाणला राहून ३८७ अश्वशक्तीची गाडी रोज चालवायची, तर हिवाळाभर उसाच्या मागून जायची तयारी हवी. दिवाळी आटोपली की इथल्या सहकारी साखर कारखान्याचं गाळप सुरू होतं आणि आसपासच्या शिवारांतून भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघतात. त्याच रस्त्यावर कोऱ्या कापडाचे ताके भरलेले टेम्पो असतात, रंगाई-छपाईच्या मिलना कोळसा पोचवणारे डंपर असतात आणि पाळी सुटली की सायकलींवरून, पायी, खांद्यावर डबा अडकवून निघालेली माणसं असतात. कडोदऱ्याच्या चोकडीपासून पलसाण्यापर्यंतचा हा पट्टा माझा रोजचा. मिलना रसायनं पुरवणं हा माझा धंदा, त्यामुळे दिवस या पट्ट्यातच जातो.

गाडी बीएमडब्ल्यू एम३४०आय. वापरलेली घेतली, पहिल्या मालकाने ती फारशी बाहेर काढलीच नव्हती. मार्च २०२१ मध्ये ती भारतात आली तेव्हा तिची सुरुवातीची शोरूम किंमत ६२.९० लाख होती आणि बीएमडब्ल्यूच्या एम घराण्याचं नाव लावणारी, चेन्नईजवळच्या कारखान्यात जुळवलेली ती पहिलीच गाडी. त्याच वर्षी चाकणला मर्सिडीजची एएमजी ए३५ जुळवली जाऊ लागली. म्हणजे ज्या गाड्या एकेकाळी फक्त जहाजातून उतरायच्या, त्या आपल्याकडच्या कामगारांच्या हातून तयार होऊ लागल्या. मला याचं फार अप्रूप आहे.

आता साधा हिशेब मांडू. ही गाडी जागेवरून ताशी १०० किलोमीटरला ४.४ सेकंदांत पोचते. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी रस्त्यावर मोटारीसाठी कमाल वेग ताशी १०० आहे, द्रुतगती मार्गावर १२०. म्हणजे चौपदरी रस्त्यावर कायद्याने जेवढा वेग दिला आहे, तो पाच सेकंदांच्या आत संपतो. गाडीत मी त्यानंतर तासभर बसलेला असतो. त्या उरलेल्या तासाचं काय, हाच अशा गाडीचा खरा प्रश्न आहे, आणि जाहिराती त्या पहिल्या पाच सेकंदांपलीकडे जात नाहीत.

वेगवान सेडानची जातच मुळात रोजच्या वापरासाठी जन्माला आली, हे विसरलं जातं. १९८५ च्या सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने पहिली एम५ मांडली. एम१ या शर्यतीच्या वळणाच्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन सुधारून त्यांनी चार दारांच्या, कचेरीत जायच्या साध्या सेडानमध्ये बसवलं होतं. युरोपातल्या त्या गाडीची ताकद २८६ अश्वशक्ती. बाहेरून पाहणाऱ्याला फारसं काही कळू नये, आणि सकाळी मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाडीनेच सुट्टीच्या दिवशी डोंगर चढावा, अशी ती कल्पना होती. पाच वर्षांनी मर्सिडीजची ५००ई आली, जिच्या बांधणीत पोर्शचा हात होता. या दोन्ही गाड्यांनी मोठा वारसा मागे ठेवला, पण कल्पना तीच राहिली. अंगात बळ असावं आणि वागणं घरच्या माणसासारखं असावं.

म्हणून मला हळू चालणाऱ्या गाडीबद्दल बोलायचं आहे. उसाच्या ट्रॉलीमागे ताशी पंधरा-वीसने सरकताना या इंजिनाची जी करामत कळते ती मोकळ्या रस्त्यावर कळत नाही. सहा सिलिंडर एका ओळीत असले की वर जाणारे आणि खाली येणारे दट्टे एकमेकांचे धक्के परस्पर फेडतात. चार सिलिंडरच्या इंजिनात जी थरथर उरते, तिच्यासाठी अनेकदा उलट फिरणारे दांडे बसवावे लागतात, इथे त्यांची गरजच पडत नाही. ३ लिटरचं हे इंजिन जागेवर फिरत असताना डॅशबोर्डवर हात ठेवला तरी ते सुरू आहे की बंद, हे पटकन सांगता येत नाही. ५०० न्यूटन-मीटरचा जोर दोन हजार फेऱ्यांच्या आतच हाताशी येतो, त्यामुळे पेडलवर पाय जेमतेम टेकवला तरी गाडी पुढे सरकते. आठ गिअरचा स्वयंचलित खोका टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये तेल आहे. दोन क्लचच्या गिअरपेटीला रांगेत सरकताना जे अडखळणं होतं, ते इथे नाही. कोणत्याही गाडीची परीक्षा मी याच जागी घेईन. एखादं यंत्र जोरात किती धावतं, हे सांगणारे आकडे पुष्कळ असतात. ते किती सावकाश, किती समजून चालतं, याचा आकडा नसतो, आणि चलथाणमध्ये रोजचं आयुष्य त्याच न मोजलेल्या गुणावर जातं.

त्रास आहेत. सुरतेत पैसेवाला माणूस उंच गाडी घेतो, कारण पाणी, खड्डे आणि गतिरोधक यांच्यावरून ती बिनधास्त जाते. सेडान खाली बसते. तिरपं गेल्याशिवाय इथले काही गतिरोधक तिला ओलांडता येत नाहीत. पावसाळ्यात सर्व्हिस रोडवर पाणी साचलं की खालचा खड्डा दिसत नाही, आणि टायरच्या भिंती बुटक्या असल्याने त्याचा मार थेट रिमला बसतो. मिलच्या बॉयलरची राख रात्रीतून टपावर बसते. ती कोरड्या फडक्याने पुसली तर रंगावर बारीक ओरखडे उठतात, आधी पाणी सोडून वाहवावी लागते. गर्दीत लिटरला सात-आठ किलोमीटर, हमरस्त्यावर शांतपणे गेलं तर बारा-तेरा. हे सगळं मोजूनच मी म्हणतो की अशी गाडी रोजच काढावी.

आपल्या घरांत चांगली वस्तू जपून ठेवण्याची फार जुनी सवय आहे. माझ्या आईची पैठणी ट्रंकेत घडीवर घडी राहून घडीवरच विरली, अंगावर ती मोजक्या लग्नांत आली. मोटारीचंही नेमकं तसंच होतं, आणि त्याची कारणं यंत्रातच आहेत. फक्त रविवारी दोन किलोमीटर फिरवलेल्या गाडीचं तेल कधी पुरतं तापत नाही. थंड इंजिनात जळणाबरोबर तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलात उतरतं, आणि तेल तापलं तरच ते उडून जातं. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या झडपांना पेट्रोलची अंघोळ मिळत नाही आणि त्यांवर काजळी धरते. अर्धवट तापलेल्या छोट्या फेऱ्या त्यात भरच घालतात. उभ्या टायरला एकाच जागी चपटेपणा येतो, बॅटरी उतरते, रबरी सील सुकतात. रोज तासभर व्यवस्थित चालणारी गाडी या सगळ्यातून वाचते. घाई एकाच गोष्टीची करायची नाही: तेल तापेपर्यंत टर्बोकडे जोर मागायचा नाही. आणि घाट चढून आल्यावर शेवटचे काही किलोमीटर हलक्या पायाने यायचं, म्हणजे लालबुंद तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगला तेल आणि पाणी फिरत असतानाच थंड होता येतं.

यंत्राला वापर हवा असतो, हे झालं यंत्रापुरतं. रोज बाहेर पडणारी गाडी रस्त्यावरच्या इतरांच्या संगतीत येते, आणि मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. सुट्टीच्या संध्याकाळी डुमस रोडला निघणाऱ्या गाडीला फक्त बघे भेटतात. सकाळी सातला चलथाणहून निघणाऱ्या गाडीला उसाची ट्रॉली भेटते.

त्या ट्रॉलीतल्या उसाचं माझ्या टाकीशीही नातं आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला बंगळुरूत २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरलं. इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून, तांदूळ-मक्यापासून होतं. इथल्याच उसाचं माझ्या टाकीत येतं असं मी म्हणत नाही, पण देशातल्या उसाचा वाटा तिथे आहे. टर्बो इंजिनाला इथेनॉलचा उंच ऑक्टेन मानवतो. दाबलेलं, तापलेलं हवा-इंधनाचं मिश्रण वेळेआधी आपोआप पेटत नाही. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणून २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते आणि तेवढ्या जास्त वेळा पंपावर जावं लागतं. टाकीच्या झाकणावर काय लिहिलं आहे ते वाचून, चालेल ते आणि तेवढंच भरावं. यात चर्चा करण्यासारखं काही नाही.

चर्चा करण्यासारखी गोष्ट ऊस तोडणाऱ्यांची आहे. सुरत जिल्ह्याचा ऊस तोडायला डांगमधून, नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरपट्ट्यातून आदिवासी कुटुंबं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. मुकादम हंगामाआधी उचल देतो, आणि ती फिटेपर्यंत दोघं फडावर राबतात. शेताच्या कडेला, रस्त्यालगत त्यांचे पडाव पडतात, प्लास्टिकच्या पालात मुलं झोपतात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातच्या या मजुरांमध्ये फिरून त्यांच्याबद्दल पुस्तकं लिहिली. इतक्या वर्षांनंतरही पडाव तसेच दिसतात, याची मला लाज आणि चीड वाटते. माझे वडील याच खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने उधन्याला उतरले आणि लूमवर लागले. त्यांना पक्की भिंत मिळाली, पगाराचं पाकीट मिळालं, मला शाळा मिळाली. फडावर आलेल्यांना यातलं काहीच मिळालं नाही. तोडणीचा दर, पडावावर पाणी, मुलांची शाळा या मागण्या जुन्या आहेत आणि न्याय्य आहेत. ज्या माणसाची गाडी रोज त्या पालांसमोरून जाते, त्याने हे बोललं पाहिजे. काचा वर करून आतलं थंड वारं आणि पुढच्या गाडीवर हॉर्न, असं वागणं मला अशक्य आहे. या पट्ट्यात मी हॉर्न वाजवत नाही, आणि एक्झॉस्टचा आवाज मोठा करणारं बटण दाबत नाही. मुलं झोपलेली असतात.

बळाला मोकळीक द्यायची जागा दुसरी आहे. आमचं मूळ गाव साक्री तालुक्यात. बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरला पोचायचं. तिथलं रेल्वे स्थानक अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात, एकाच फलाटावर दोन राज्यं. विसरवाडी मागे टाकली की कोंडाईबारीचा घाट लागतो. तिथे चढावर ओव्हरलोड ट्रक एका बाजूला धापा टाकत असतात, पुढचा रस्ता स्वच्छ दिसला की पाय थोडा दाबायचा, गाडी दोन गिअर खाली उतरते आणि सहाही सिलिंडरचा एकसंध सूर चढत जातो. वळणात मागची चाकं ढकलतात, पुढची दिशा धरतात, चारही चाकांत जोर वाटला जातो आणि अंग आसनात रुतून बसतं. चार-पाच सेकंदांत ओव्हरटेक संपतो. ट्रकच्या बाजूला असण्याचा काळ जितका कमी, तितका धोका कमी. जास्त अश्वशक्तीच्या बाजूने मला पटलेला सगळ्यात प्रामाणिक युक्तिवाद तोच. बाकीच्यासाठी आनंद हे कारण पुरे. पुढे दहिवेलला पोचल्यावर मी चहाला थांबतो, इंजिनही थंड होतं.

गेल्या हंगामात कारखान्याच्या वळणाअलीकडे टपरीवर एक ट्रॅक्टरवाला भाऊ गाडीकडे बघत उभा राहिला. पिंपळनेरकडचा निघाला, म्हणजे माझ्याच तालुक्यातला.

“भाऊ, हाई गाडी कितलानी शे?”

मी घेतली ती किंमत सांगितली. आकडा लपवणं मला बरोबर वाटलं नाही. तो गप्प झाला, मग विचारलं, लिटरला किती देते. तेही सांगितलं. मग त्याने जोडट्रॉलीबद्दल सांगायला सुरुवात केली. ट्रॅक्टर वळला तरी मागची ट्रॉली त्याच्या मार्गाने येत नाही, ती आतून कापत येते, आणि दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षाही आतून. म्हणून कारखान्याकडे डावीकडे वळायचं असेल तर तो आधी उजवीकडे सरकतो. मागचा मोटारवाला समजतो की याने वाट दिली, आणि डावीकडून घुसतो. तिथेच चेंगरतो. तुमची गाडी खाली आहे, तो म्हणाला, मला आरशात ती दिसतही नाही. जोवर तुम्हाला माझा आरसा दिसत नाही, तोवर तुम्ही माझ्यासाठी नाहीच.

मी विचारलं, मग किती मागे थांबू. त्याने टपरीपासून पलीकडच्या विजेच्या खांबापर्यंत हात केला, एवढं. रिकामी ट्रॉली असली तर थोडं कमी चालेल, पण भरलेली असताना उतारावर ब्रेक नीट धरत नाही, तेव्हा याहून जास्त. आणि रात्री मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नसेल तर मालकाला सांगा, तो म्हणाला, आम्ही सांगून तो लावत नाही.