दहा किलोमीटरवरचा अंधार

अंकुशनगरच्या मुलीने बेटावर लेख लिहायचा म्हणजे जरा गंमतच! आमच्याकडे पाणी म्हणजे जायकवाडीचा कालवा, आणि गर्दी म्हणजे गळीत हंगामात कारखान्यासमोर लागलेली उसाच्या गाड्यांची रांग. समुद्र पाहिला तो थेट सेकंड इयरच्या सुट्टीत, गेटवेहून सुटलेल्या लाँचमधून.

कॉन्व्हेंटमध्ये हिस्टरीला 'एलिफंटा केव्हज' पाठ केलं होतं. बेटाचं खरं नाव घारापुरी, हे लाँचवाल्या काकांनी सांगितलं. किनाऱ्यावरचा दगडी हत्ती पाहून पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. तो हत्ती १८६४ मध्ये उचलून न्यायला गेले तर तुटला! आज जोडलेल्या रूपात तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा आहे. म्हणजे नाव बेटावर, हत्ती मुंबईत.

दोन टेकड्या आणि मधे दरी, असं हे बेट. भरतीला लहान, ओहोटीला मोठं! वर साधारण सहाव्या शतकातली लेणी, त्यात सहा मीटर उंचीचा तीन मुखांचा सदाशिव. १९८७ पासून हा जागतिक वारसा आहे. पण राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्यांतही माणसं राहतात, हे कुठल्या पुस्तकात वाचल्याचं मला आठवत नाही.

पायऱ्यांवर काकड्या विकणाऱ्या मावशींना मी विचारलं, "मावशी, इथे लाईट जाते का हो?"

मावशी हसल्या. "जायला आधी यायला नको का, बाळा? आमच्या पोरांनी अभ्यास केला तो जनरेटरवर. संध्याकाळचे तीन-साडेतीन तास, मग झोपा! समोर मुंबई रात्रभर चमकायची."

गेटवेपासून बेट जेमतेम दहा किलोमीटर. तरी घारापुरीला चोवीस तास वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी! त्यासाठी महावितरणने समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकली. केबल म्हणजे एक लांबलचक कपॅसिटरच, हे आपण लेक्चरला शिकतो. फार लांब एसी केबल असली की चार्जिंग करंटच तिची क्षमता खातो. पण साडेसात किलोमीटरला ती अडचण नगण्य. मग अडलं कुठे? थिअरीत नक्कीच नाही. हजारभर माणसांसाठी एवढा खर्च कोणी करायचा, इथे अडलं असावं, असं मला वाटतं.

हे वाटायला कारण आहे. आमच्या गावात खांब आहेत, तारा आहेत, मीटरही आहे. पण शेतीच्या पंपाला आठवड्याआड रात्रीची पाळी. माझे काका थंडीत रात्री दोनला बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला जातात. विंचू-सापाची भीती वेगळीच. ते परत येईपर्यंत काकू चुलीपाशी जागी असते. नकाशात आमच्या गावाला समुद्र नाही, पण त्या रात्री आमचं शेतसुद्धा बेटच असतं.

"इलेक्ट्रिकल कशाला घेतलंस? पॅकेज तर आयटीत आहे," असं हॉस्टेलवर मला सगळे विचारतात. पॅकेज मलाही हवंय, खोटं कशाला बोलू? पण दिवसा पाणी आणि रात्री झोप, हे काकांचं पॅकेज कुठल्या कंपनीच्या लिस्टमध्ये असतं, ते अजून शोधतेय. कुणाला सापडलं तर जरूर सांगा, मी पहिला अर्ज भरीन!