शर्मिष्ठेतला न लुकलुकणारा ठिपका

आठवीला ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ हा पाठ आला की मी फळ्यावर बाण काढते. मोठा तारा, मग स्फोट, मग न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर. परीक्षेला तेवढं पुरतं. यंदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, स्फोटानंतर मध्ये काही उरतं हे कुणी पाहिलंय का?” प्रश्न इतका सरळ होता की दुसऱ्या दिवशीचा अख्खा तास मी त्यालाच दिला. पोर्शन मागे पडला, पडू दे.

शर्मिष्ठा तारकासमूहात, सुमारे ११,००० प्रकाशवर्षांवर, ‘कॅसिओपिया ए’ नावाचा एका स्फोटाचा अवशेष आहे. त्यातला वायू आजही सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने बाहेर पळतोय. हा वेग उलटा मोजत नेला की स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर १६८० च्या आसपास पोचला असं निघतं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या अखेरच्या वर्षांचा काळ! तरी तो पाहिल्याची निर्विवाद नोंद कुठेच नाही. बहुधा मधल्या धुळीनं तो झाकला गेला. १९४८ मध्ये रेडिओ दुर्बिणींना अवशेष सापडला, पण त्याचा गाभा काही सापडेना.

गाभा शोधायला क्ष-किरणच हवे होते. लाखो अंश तापलेली वस्तू मुख्यतः क्ष-किरणांतच चमकते. दवाखान्यातला एक्स-रे शरीरातून आरपार जातो, म्हणून मुलांना वाटतं तो कशातूनही जाईल. पण आपल्या डोक्यावर हवेचा थर एवढा जाड आहे की आकाशातले क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. त्यामुळे दुर्बीण अवकाशातच न्यावी लागते. शिवाय साध्या आरशावर सरळ पडले तर हे किरण परत फिरत नाहीत, आत घुसतात. तळ्यावर चपटा दगड तिरका फेकला की तो उसळत जातो ना, तसे हे किरण आरशाला अगदी तिरके घासून वळवावे लागतात. त्यामुळे या दुर्बिणीचे आरसे ताटासारखे नसतात, एकात एक बसवलेल्या नळकांड्यांसारखे असतात.

अशी ‘चंद्रा’ दुर्बीण जुलै १९९९ मध्ये कोलंबिया यानातून गेली. नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं. १९३० मध्ये एकोणीस वर्षांचा हा मुलगा मुंबईहून बोटीनं निघाला आणि त्या प्रवासात, मेलेल्या ताऱ्याला किती वजन पेलवतं याचं गणित मांडत होता. ऑगस्टमध्ये ‘चंद्रा’चं पहिलं अधिकृत चित्र जाहीर झालं ते कॅसिओपिया ए चं. आणि बरोबर मधोमध एक ठिपका!

चित्र दाखवल्यावर वर्गात लगेच शंका, “हे रंग खरे आहेत का?” रंग आपण दिलेले. पण ते मनानं भरलेले नाहीत, हं. दुर्बीण प्रत्येक किरणाची ऊर्जा मोजते, आणि कोणत्या ऊर्जेचे किरण जास्त येतात त्यावरून मूलद्रव्य ओळखता येतं. इथे सिलिकॉन, तिथे गंधक, पलीकडे लोह. कॅल्शियमसुद्धा आहे.

आता ठिपका. सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि व्यास जेमतेम २० किलोमीटर. खेकडा तेजोमेघातला न्यूट्रॉन तारा सेकंदाला ३० वेळा लुकलुकतो, दीपगृहासारखा. त्यामुळे इथेही तसंच दिसेल अशी अपेक्षा. पण हा लुकलुकत नाही! शिवाय त्याचा पृष्ठभाग हायड्रोजनचा धरून हिशेब केला तर चमकणारा भाग न्यूट्रॉन ताऱ्याच्या मानानं फारच लहान निघायचा. मग काय, ताऱ्यावर एखादाच तापलेला डाग आहे? तसं असेल तर तारा फिरताना उजेड कमीजास्त व्हायला हवा. तोही होत नव्हता.

२००९ मध्ये विन हो आणि क्रेग हाइन्के यांनी पृष्ठभागावर कार्बनचं वातावरण धरून पाहिलं. जाडी सुमारे १० सेंटिमीटर. पट्टीपेक्षाही कमी! पण तेवढ्यानं गणित जुळलं. संपूर्ण पृष्ठभाग सारखा चमकतोय, म्हणून लुकलुक नाही, आणि आकारही बरोबर येतो.

फळ्यावरच्या बाणात हे कुठे बसवायचं ते अजून मला सुचलेलं नाही. पाठ्यपुस्तकात न्यूट्रॉन तारा एकाच साच्याचा वाटतो. प्रत्यक्षात गाभे उरतात ते असे निरनिराळ्या स्वभावाचे.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संध्याकाळी उत्तरेला इंग्रजी ‘एम’सारखे पाच तारे दिसतात, ती शर्मिष्ठा. तिच्या एका टोकाजवळच हा अवशेष आहे. डोळ्यांना तिथे काळोखच दिसेल, पण मुलांना बोटानं दिशा जरूर दाखवा.