हार मानायला शब्द हवा आहे

गेल्या शनिवारी हिंजवडीहून कोथरूडला घरी पोचलो. पाठीवरची सॅक अजून उतरवली नव्हती, तेवढ्यात बाबांनी विचारलं, "अरे, 'माघार घेतो' याला इंग्रजीत बरा शब्द काय?"

मी सवयीने म्हणालो, "कॉन्टेक्स्ट काय?" (आमच्या धंद्यात कॉन्टेक्स्ट विचारल्याशिवाय कोणी कोणाला किती वाजले तेही सांगत नाही.)

खरं तर कॉन्टेक्स्ट मला चांगलाच माहीत होता. आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय. सोळा फ्लॅट, तीन मजले, लिफ्ट नाही. पंधरा जणांच्या सह्या झाल्या होत्या. सोळावे आमचे बाबा. आठ महिने अडून बसले होते, आणि उगाच नव्हे. पहिल्या मसुद्यात बँक गॅरंटी नव्हती. बिल्डरने मधेच भाडं थकवलं तर काय, यावर एक ओळ नव्हती. बाबांनी पत्रांमागून पत्रं लिहून या दोन्ही गोष्टी मसुद्यात घालायला लावल्या. मेकॅनिकल पार्किंगचा तिसरा मुद्दा तेवढा कोणी ऐकला नाही. चौथा मुद्दा त्यांनी कुठल्याच पत्रात लिहिला नाही, तो म्हणजे त्यांना हे घर सोडायचंच नव्हतं.

पण आईचे गुडघे आणि तिसरा मजला. शिवाय सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'काही ज्येष्ठ सभासदांमुळे' वगैरे सुरू झालेलं. शेवटी बाबा सही करायला तयार झाले. वकिलाने पाठवलेल्या इंग्रजी संमतीपत्रात 'फ्री अँड विलिंग कन्सेंट' असे शब्द होते. त्यातल्या 'विलिंग'वर बाबांनी पेन्सिलने रेघ मारली होती.

"फ्री ठीक आहे. कोणी डोक्याला पिस्तूल लावलेलं नाही. पण विलिंग? मी सही करतोय, पण मला पटलेलं नाही, एवढं एका शब्दात यायला हवं. आणि हरलो असंही वाटायला नको."

म्हणजे रिक्वायरमेंट स्पष्ट होती. दोन चहा आणि एक डिक्शनरी घेऊन बसलो.

'सरेंडर' पहिल्या मिनिटाला बाद. "ते एलआयसीच्या पॉलिसीचं करतात," बाबा म्हणाले, "नाहीतर गॅस कनेक्शनचं." मी त्यांना १९७१ च्या ढाक्याची आठवण करून दिली, १६ डिसेंबरला नियाझींनी ज्या कागदावर सही केली त्याचं नावच इन्स्ट्रुमेंट ऑफ सरेंडर होतं. ते म्हणाले, "मग तर नकोच. आपल्या सेक्रेटरीला जगजितसिंग अरोरा झाल्यासारखं वाटेल."

'सबमिट' मीच बाद केला. इंजिनिअरिंगला असताना सेमिस्टरच्या शेवटी रात्र रात्र जागून मित्राचं जर्नल उतरवायचं आणि सकाळी सरांच्या केबिनबाहेर सहीसाठी लाइन लावायची, याला आम्ही 'सबमिशन' म्हणायचो. त्या शब्दात शरणागती आहे हे तेव्हा डोक्यात आलं नव्हतं, पण केबिनबाहेर आमचे जे चेहरे असायचे ते बघता शब्द अगदी चपखल होता. 'सकम्ब' तर पेपरवाल्यांनी अपघातातल्या जखमींसाठी राखून ठेवलाय. मुळात त्याचा अर्थ ओझ्याखाली आडवं होणं. "एवढंही नाही झालेलं," बाबा म्हणाले.

'कॅपिट्युलेट'वर मात्र आम्ही बराच वेळ रेंगाळलो. मला हा शब्द गुडघे टेकण्यातला वाटायचा, आणि आज तो तसाच वापरतात. पण त्याच्या पोटात लॅटिन कॅपिट्युलम आहे, म्हणजे छोटं डोकं, म्हणजेच मथळा. चॅप्टर हा शब्द तिथूनच आला, आणि मीटिंगमध्ये आपण करतो तो रीकॅपसुद्धा. म्हणजे कॅपिट्युलेट करणं हे मुळात मथळे घालून, कलमवार अटी ठरवून केलेलं काम. बिनशर्त लोटांगण नव्हे.

बाबा एकदम ताठ बसले. "म्हणजे पुरंदरचा तह! १६६५. तेवीस किल्ले दिले, बारा ठेवले, सगळं कलमवार. आणि १६७० पासून परत घ्यायला सुरुवात."

"तुम्ही बिल्डरकडून काय परत घेणार आहात?" आई स्वयंपाकघरातून.

शब्द बाबांना आवडला होता, पण सेक्रेटरी काही लॅटिन मूळ शोधायला जाणार नाही, त्याला गुडघेच दिसणार. सोडला.

'रिलेन्ट'मध्ये लवचीकपणा आहे, पण ज्याच्या हातात सत्ता आहे तोच रिलेन्ट होतो. ट्रिपला जायला आईवडील नाही नाही म्हणतात आणि मग रिलेन्ट होतात. बाबांकडे सोळातलं एक मत होतं. 'कन्सीड' त्यातल्या त्यात बरा. निवडणुकीत हरलेला उमेदवार उभा राहून कन्सीड करतो, पुढच्या वेळी परत उभाही राहतो. पण त्यात समोरच्याचं बरोबर होतं हे मान्य करावं लागतं, निदान आकडे तरी. बाबा ते मान्य करायला तयार नव्हते.

मग मी 'अ‍ॅक्विएस' वाचला. मनात नसताना, विरोध न करता, गप्पपणे चालवून घेणं. क्वाएटच्याच घराण्यातला शब्द.

"हा माझा नाही," बाबा म्हणाले. "मी चौदा पत्रं लिहिली. गप्प कुठे होतो?"

शब्द त्यांचा नव्हता, माझा होता. ऑफिसात मी हे रोज करतो. न पटलेल्या कोडखाली 'ओके फॉर नाऊ' लिहून अप्रूव्ह दाबतो, कारण शुक्रवार असतो. आणि घरीही तेच केलं. त्या चौदातल्या निम्म्या पत्रांचं इंग्रजी मीच नीट करून दिलं होतं, मुद्दे मला पटत होते. पण गेल्या महिन्यात एका कॉलमधून दुसऱ्या कॉलमध्ये जाताना मी फोनवर म्हणालो होतो, "बाबा, द्या ना सही, किती ताणायचं." पलीकडे जरा वेळ काहीच नाही, मग "बघतो". त्यानंतर दोन आठवड्यांत ते तयार झाले. आईच्या गुडघ्यांमुळे झाले असं आम्ही सगळे म्हणतो. नव्या प्लॅनमधल्या ज्यादा खोलीत माझं टेबल कुठल्या भिंतीला लागेल हे मी तोवर मोजूनही झालं होतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. इथे लिहितोय. असो.

राहता राहिला 'यील्ड', माझा लाडका. अमेरिकेत रस्त्यावर यील्डची पाटी असते, आपल्याकडे तिलाच 'गिव्ह वे' म्हणतात. पण माझी त्याच्याशी ओळख पायथनमधली. २००१ मध्ये पायथन २.२ आलं त्यात हा शब्द आला. साधं फंक्शन रिटर्न म्हणालं की संपलं, त्याच्या आतलं सगळं पुसलं जातं. यील्ड म्हणालं की ते तयार झालेली किंमत हातात ठेवतं आणि थांबतं. आतलं सगळं जसंच्या तसं जपून. पुन्हा बोलावलं की पुढच्या ओळीपासून सुरू. हे मी बाबांना नॅपकिनवर काढून दाखवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तीस वर्षं कृषी खात्यात होतो मी. यील्ड म्हणजे हेक्टरी उत्पादन. गव्हाचं यील्ड, उसाचं यील्ड."

दोन्ही एकच शब्द आहे हे मला तोवर खरंच सुचलं नव्हतं. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता चुकतं करणं, पैसे देणं. जर्मनमध्ये पैशाला गेल्ड म्हणतात तो याचाच भाऊ. त्यातून एकीकडे शेत जे देतं ते, आणि दुसरीकडे माणूस वाट देतो ते.

"मग लिहू? आय यील्ड?" बाबांनी विचारलं.

दोघांनी मोठ्याने म्हणून पाहिलं. नाटकातल्या राजासारखं वाटलं. सोसायटीच्या लेटरहेडवर तर अगदीच. आई म्हणाली, "अहो, मराठीत लिहा ना, सोळाच्या सोळा घरांत मराठी कळतं."

त्यांनी पॅड ओढलं आणि पाच मिनिटांत लिहिलं. पत्रात दोनच वाक्यं आहेत. 'करारास माझी संमती आहे. माझे मत बदललेले नाही.' खाली सही, तारीख, फ्लॅट नंबर. वकिलाच्या फॉर्मला टाचणी लावून रविवारी सकाळी सेक्रेटरीला नेऊन दिलं. 'विलिंग'वरची रेघ आता पेनची होती.

आज त्यांचा फोन आला. वकिलाला पत्राचं इंग्रजी भाषांतर हवंय, सोमवारपर्यंत.