भोपळा वाळेपर्यंत

आप्पांची एकतारी माझ्या हातून फुटली तेव्हा मी सातवीत होतो. १९७४ चं साल. सोप्यातल्या खुंटीला ती टांगलेली असायची आणि शेजारच्या फळीवर आईनं गुळाची ढेप ठेवलेली. मी कणगीवर चढलो, हात लांबवला, कोपर लागलं. भोपळा जमिनीवर पडून खापरासारखा फुटला, त्यावर मी पडलो आणि दांडीही मधोमध पिचली.

आप्पा पंढरीहून येऊन आठच दिवस झाले होते. ते मळ्यातून आले, तुकडे बघितले, एक अक्षर बोलले नाहीत. धुतल्या फडक्यात सगळे तुकडे गोळा केले आणि नदीत सोडून आले. त्यांनी मला चार तडाखे दिले असते तर बरं झालं असतं. पुढच्या एकादशीला ते देवळात भजनाला गेले ते नुसतेच. कुणीतरी टाळ पुढं केले, ते वाजवत बसले. एकतारीवाला माणूस टाळ वाजवताना मला पहिल्यांदा दिसला.

नवी घ्यायची म्हटलं तर दोन वर्षांपूर्वीच्या दुष्काळानं घर पार खंगलेलं. विहिरीला पाणी आलं होतं, पण सोसायटीचं देणं तसंच होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी कणगीखाली झाडताना मला एकतारीची घोडी सापडली. बोटाच्या पेराएवढी, तारेनं वर खाच पडलेली. मी ती कंपासपेटीत ठेवली आणि तेव्हाच मनाशी ठरवलं, आपणच करायची. भोपळा, दांडी, कातडं, खुंटी, घोडी, तार. सहा वस्तू. त्यातली एक तर हातात होती. उरलेल्याला असा कितीसा वेळ लागणार?

शेजारच्या म्हातारीनं कडू भोपळ्याच्या चार बिया दिल्या. "ह्यो खायाचा न्हाई बरं का, वाजवायचा हाय," असं म्हणाली. वेल गोठ्यावर चढवला. तीन भोपळे धरले. पहिला दसऱ्यालाच तोडला, कारण मला दम नव्हता. आठ दिवसांत तो सुरकुतला, मग नासला. दुसऱ्याला किडीनं भोक पाडलं. तिसऱ्याला मात्र म्हातारीनं हात लावू दिला नाही. "वेल मरू दे आदी. देठ वाळला की त्योच सांगंल."

वेल पौषात वाळला. भोपळ्याची हिरवी कांती गेली आणि तो मातकट पिवळा, लाकडासारखा झाला. हलवला की आतल्या बिया खुळखुळायच्या. करवतीच्या मोडक्या पात्यानं तोंड कापलं आणि चमच्यानं आतला वाळका गर खरवडला. तो गर इतका कडू, की तीन दिवस माझ्या हातची भाकरी कडू लागत होती. आई म्हणाली, "काय करतोयस रं?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही, पण रात्री घासलेटाची चिमणी माझ्याजवळ सरकवून ठेवली.

दांडीला वाळलेला वेळू सुतारनानांनी दिला. भोपळ्याला आरपार भोकं पाडायला मी सामता घेणार, तर ते ओरडले. सामत्यानं भोपळा तडकतो. सळई लाल करून हळूहळू जाळत न्यायची. एका बाजूचं भोक थोडं वर गेलं आणि दांडी तिरकी बसली. ती शेवटपर्यंत तिरकीच राहिली.

कातड्याला हलगी मढवणाऱ्या तात्यांकडं गेलो. त्यांनी शेरडाचं पातळ कातडं भिजवून दिलं, चिंचोक्याची खळ कशी शिजवायची ते सांगितलं. मी कातडं ओलंच ताणून भोपळ्याच्या तोंडावर चिकटवलं, सुतळीनं आवळलं आणि लवकर वाळावं म्हणून उन्हात ठेवलं. चैत्राचं ऊन. दुपारी फट्‌ असा आवाज झाला. कातडं आखडून काठाला फाटलं होतं. तात्या हसले नाहीत. म्हणाले, "ऊन चामड्याला वढतं. सावलीत त्ये आपल्या मनानं वाळतं." दुसरं कातडं फुकट नव्हतं, त्यासाठी मी चार दिवस त्यांची शेरडं राखली. ते मात्र सावलीत वाळवलं. दोन दिवसांनी टिचकी मारली तर टणटणलं.

खुंटी बाभळीची. नानांनी तासून दिली, पण पिळली की घसरायची आणि तार सैल पडायची. शाळेतला खडू खुंटीला चोळ म्हणाले. चोळला आणि खुंटी धरून राहिली. तार मी सायकलच्या ब्रेकच्या केबलीतून काढली होती. ती इतकी वाकलेली, की सूर लागायच्या ऐवजी माशी गुणगुणल्यासारखं व्हायचं. शेवटी शाळेतल्या एका गुरुजींनी शटलनं पुण्याला गेल्यावर पोलादी तार आणून दिली.

ज्येष्ठ लागला. तुकोबांची पालखी लोणीहून यवतला मुक्कामाला येते आणि तिथून वरवंडला जाते. आमच्या गावचे लोक यवतलाच पालखीला मिळायचे. त्याच्या आत काम पुरं करायचं, असं मी ठरवलं. पॉलिश तेवढं राहिलं होतं. नानांनी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून दिली. कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळायचा, पातळ हात द्यायचा, वाळू द्यायचा, घासकागद फिरवायचा, परत हात. मला एवढी सवड कुठली? एका संध्याकाळी पाचसहा हात एकामागं एक दिले. बाहेर पाऊस लागला होता. सकाळी पाहतो तर भोपळ्यावर पांढुरकी साय धरलेली, राख फासल्यासारखी.

मी रडायला लागलो. नाना म्हणाले, "लाखंला दमट हवा सोसत न्हाई. आता हात लावू नगंस. उघडीप पडंल, मग स्पिरिटचा नुसता वास दाखवायचा बोळ्यानं." उघडीप पडली ती पालखीच्या आदल्या दिवशी. त्यांनी बोळा हलकेच फिरवला आणि बरीचशी साय निघाली. देठाजवळचा एक डाग मात्र राहिला.

पुढं बऱ्याच वर्षांनी मी मिरजेला सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. शिकलगारांच्या घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारं घडवणारे हात वाद्यांकडं वळवले आणि मिरजेची सतार-तंबोऱ्याची परंपरा सुरू झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं माळ्यावर भोपळेच भोपळे टांगलेले होते. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या मळ्यांतून येतात. आमच्या तालुक्याला वळसा घालून जाणारी भीमाच पुढं पंढरीला चंद्रभागा होते, तिच्याच अंगाचे हे भोपळे. एक कारागीर लाखेचा हात देत बसला होता. मी विचारलं, किती हात देता? त्यानं वर न बघता सांगितलं, "मोजत नाही. हवा बघून देतो." मला नाना आठवले. ज्या सहा वस्तू मी बोटांवर मोजल्या होत्या, त्यांत ऊन, सावली आणि हवा धरलीच नव्हती.

पण त्या दिवशी सकाळी मला एवढंच कळत होतं, की आप्पा पडशी भरताहेत. मी घोडी कातड्यावर बसवली, तार चढवली आणि एकतारी मुकाट्यानं त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलली. तिरकी दांडी पाहिली, डागावर अंगठा फिरवला. खुंटी पिळून तार आपल्या गळ्याला जुळवली. छेडली. आवाज बोदाच होता. जुनीसारखा लांब जाणारा नव्हता.

"आवाज बसलाय," मी म्हणालो.

"नवी हाय. अजून एक उन्हाळा खाऊ दे तिला."

मग त्यांची नजर घोडीवर गेली. वरच्या खाचेला त्यांनी नख लावलं. त्यांच्याच तारेनं पाडलेली खाच होती ती.

"ही कुठं घावली?"

"कणगीखाली."

आप्पा जरा वेळ तसेच उभे राहिले. मग एकतारी खांद्याला लावली आणि आईला म्हणाले, "पोराची भाकरी बांध. यवतपातुर येऊ दे त्याला."